डोळ्यांचं उसनं पाणी

६ फेब्रुवारी

बारकीस,

वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, म्हणून आशीर्वाद. अक्षर माझ्या लेकीचं आहे, शब्द माझे. मी सांगतेय आणि ती उतरवून घेतेय, तेव्हा कुठं काही गोड लागलं तर ते तिनं पदरचं घातलेलं समज.

फोन केला नाही, कारण मागल्या खेपेला पाचव्या वाक्याला तू फोन आपटलास. पत्र आपटता येत नाही. फाडता येतं, पण त्याआधी वाचावं लागतं.

तू मला तुझ्या हाडांतली मज्जा दिलीस त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. रक्ताचा कर्करोग गेला असं रक्ताचे डॉक्टर म्हणतात. मी तीस वर्षं प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजल्या, त्यामुळे मला खोटं सांगून पटवणं सोपं नाही. पण अहवाल मी लेकीकडून दोनदा वाचून घेतला, आणि तो खराच दिसतो. माझा रक्तगटसुद्धा बदललाय. छप्पन्न वर्षं जो माझा होता तो गेला, आता तुझा आहे. जन्मात आपलं एका गोष्टीवर पटलं नाही आणि आता माझ्या नसांतून तूच फिरतेस.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत झालीय. तुझ्या पेशी आता माझ्या डोळ्यांवर उठल्या आहेत. त्यांना मी परकी वाटते. त्यांचा तरी काय दोष, शिकवण तशीच असणार. डोळ्यांत पाणी तयार करणाऱ्या ग्रंथी त्यांनी सुकवून टाकल्या. पापणी मिटली की आत वाळू फिरते. उजेड सोसत नाही, भरदिवसा पडदे ओढून बसते. डावा डोळा तर प्रत्यारोपणाआधीच गेला, ते तुला माहीत आहे. आजार डोळ्यामागच्या नसेत शिरला होता. किरणं दिली, पाठीच्या मणक्यातून औषध घातलं, तरी उजेड आहे की अंधार एवढंच त्याला कळतं. सगळी भिस्त उजव्यावर, आणि आता त्याच्याही बुबुळावर जखम झालीय.

डोळ्यांच्या बाई, म्हणजे तिथल्या डॉक्टर, हातपाय गाळणाऱ्यातल्या नाहीत. दर तासाला खोट्या अश्रूंचे थेंब झाले, सूज उतरवायचे थेंब झाले, पाणी नाकात उतरतं ती भोकं बारीक बुचं बसवून बंद केली. आता त्या म्हणतात, रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं त्याचे थेंब करून घालायचे. एरवी रोग्याचंच रक्त घेतात. माझं चालत नाही, अंगात रक्त कमी आणि छातीत जंतू. मग ज्यानं मज्जा दिली त्याचंच मिळालं तर उत्तम, असं त्यांचं म्हणणं. एका वेळचं तीन महिने पुरतं.

जमत असेल तर ये. नसेल तर तसं कळव, पण मज्जेच्या वेळेसारखी सात आठवडे वाट बघायला लावू नकोस. तेव्हा तुला कावीळ झाली होती, ते मी धरून बसलेले नाही.

ताई

मावशी, हे खालचं माझं आहे. आई आत पडलीय. तिनं सांगितलं नाही ते मी सांगते. जखम खोल गेली तर बुबुळाला भोक पडेल, आणि ते होऊ नये म्हणून पापण्या शिवून डोळा बंद ठेवावा लागेल, असं बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या. परवा तिनं खुर्चीची पाठ समजून माझ्या खांद्यावर हात टेकला आणि मग हसली. ते हसणं मला बघवलं नाही. तू ये. आणि तुझी पत्रं तिला मीच वाचून दाखवणार आहे, एवढं ध्यानात ठेव.


१५ फेब्रुवारी

ताईस,

पत्र पोचलं. येते. सव्वीस तारखेला सकाळी नऊला थेट रक्तपेढीत येईन. तुझ्या घरी उतरणार नाही. आमच्या दुकानातली एक जुनी बाई तिकडे राहते, तिच्याकडे एक दिवस काढीन.

शाळांच्या गणवेशांचं काम अंगावर आहे. मी कापून दिल्याशिवाय मशिनी चालत नाहीत, म्हणून रजा मागायला गेले तेव्हा मालकांच्या कपाळाला आठी पडली. कशाला जायचंय म्हणाले. बहिणीला रक्त द्यायला, असं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, तुम्हाला बहीण आहे हे आजच कळतंय. एकोणीस वर्षं मी तिथं कापड कापतेय. गेल्या वर्षी मज्जा द्यायला आले होते तेव्हा माझंच काही दुखणं आहे असं सांगितलं होतं.

माझ्या पेशींना शिकवण तशीच असणार, असं लिहिलंस. असेल. आपण दोघी एकाच घरात शिकलो. पण आई जायला टेकलेली असताना सख्ख्या बहिणीला ताकास तूर लागू द्यायचा नाही, ही शिकवण तुझी एकटीची. सगळं आटोपल्यावर मी तुझ्या दारात उभी राहिले, आणि तू मला आत ये म्हणायच्या आधी म्हणालीस, "तिनं तुझं नावसुद्धा काढलं नाही." बारा वर्षं झाली. मी हे वाक्य रोज आठवते असं नाही. पण कात्रीला धार लावताना आठवतं.

मज्जा घेतली तेव्हाही तू वरच्या मजल्यावर होतीस आणि मी खालच्या. तेव्हा तुझं तोंड पाहिलं नाही, आत्ताही पाहणार नाही. रक्त देईन आणि परत फिरेन.

भाचीला सांग, तिची खालची ओळ पोचली.

बारकी


२ एप्रिल

बारकीस,

थेंब सुरू होऊन महिना झाला. बर्फ घातलेल्या डब्यातून छोट्या छोट्या बाटल्या घरी आल्या, लेकीनं फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मांडून ठेवल्यात. रोज एक काढायची, दिवसातून आठ वेळा घालायची, उरलेलं टाकून द्यायचं. रंग फिकट पिवळा. मी आयुष्यभर असल्या नळ्या हाताळल्या, पण त्यातलं काही डोळ्यांत घालायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

पहिले आठ दिवस काही फरक नाही. मला वाटलं, आणलंस ते रक्तही तुझ्यासारखंच, नावाला जवळचं. नवव्या दिवशी सकाळी उठले तर पापणी बुबुळाला चिकटलेली नव्हती. गेल्या चार महिन्यांत असं झालं नव्हतं. परवा बाईंनी डोळ्यांत रंग घालून निळ्या दिव्याखाली पाहिलं. जखम निम्म्यानं भरलीय. वाचायला अजून येत नाही, पण लेक दारातून आत येते तेव्हा ती लेक आहे आणि कपाट नाही, एवढं कळतं.

तेव्हा उपकार मानते. मानायचे नव्हते, पण लेक लेखणी खाली ठेवून बसली, म्हणून मानते.

एक मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. मी बाईंना विचारलं, मज्जा वेळेवर मिळाली असती तर डावा डोळा वाचला असता का? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, कदाचित वाचला असता, कदाचित प्रत्यारोपणानंतरही आजार तिथंच उलटला असता. मी म्हटलं, म्हणजे माझ्या बहिणीच्या काविळीनं माझा डोळा खाल्ला. त्यावर त्या रागावल्या. कोणाचं आजारपण कोणाच्या हातात नसतं म्हणाल्या. खरंय. तुझ्या नशिबानं तुला आजारही असा झाला की कोणाला काही बोलता येऊ नये.

पुढची तारीख सव्वीस मे. पेढीत नाव घातलंय.

ताई


१२ एप्रिल

ताईस,

जखम भरतेय हे वाचून बरं वाटलं. मी पेढीत गेले तेव्हा सुई घालणारी मुलगी चांगली होती, एका टोचण्यात काम झालं. इकडे उन्हं तापली आहेत. दुकानात पंखा लावला की कागदी नमुने उडतात आणि बंद केला की आम्ही शिजतो. डोळ्यांना वारा लागू देऊ नकोस. भाचीनं फोनवर सांगितलं की बाजूंनी बंद असलेला चष्मा मिळतो, तो लाव. कोणी हसलं तर हसू दे.

आता जे लिहिते ते लिहायचं नव्हतं. पण तू नशीब म्हणालीस आणि मला रात्रंदिवस दुसरं सुचेना.

मला कावीळ झाली नव्हती.

दीड वर्षापूर्वी, सप्टेंबरात, आपली जुळणी झाली. भाचीनं कागद पाठवले. एक सही करायची आणि तारीख कळवायची, एवढंच होतं. मी ते कागद दुकानातल्या माझ्या खणात ठेवले, खडू आणि मोजपट्टीच्या खाली. रोज खण उघडायची, रोज ते दिसायचे. मनात म्हणायची, वाट बघणं म्हणजे काय ते कळू दे तिलाही. पहिला आठवडा रागात गेला. दुसऱ्या आठवड्यात भाचीनं विचारलं तेव्हा तोंडाला येईल ते सांगितलं, कावीळ आहे म्हणून. त्यानंतर राग नव्हता, तरीही सही केली नाही. एकदा खोटं बोललं की ते पुरतं निभवावं लागतं. तुझा आजार औषधांनी दबलेला आहे, घाई नाही, असं कागदावर लिहिलं होतं, त्याचा मी आधार घेतला.

सातव्या आठवड्यात भाचीचा फोन आला की आईला डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालंय. त्या दुपारी मी सही केली. घाईत केलेली सही नीट आली नाही, त्यांनी परत मागवली.

तू मरावंस असं मला कधीही वाटलं नाही, हे खरं मान. मला फक्त तू थांबायला हवी होतीस.

हे सांगून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलेलं नाही. तुला जे म्हणायचं ते म्हण. रक्त मागशील तेव्हा देईन, नको म्हणालीस तर तेही ऐकेन.

मे महिन्याच्या रजेचं मालकांना सांगून ठेवलंय. या वेळी त्यांनी आठी घातली नाही, उलट तुझी चौकशी केली. डोळा सांभाळ.

बारकी


२४ एप्रिल

बारकीस,

पत्र मिळालं. तो चष्मा आणला. घातला की मी लोखंड जोडणाऱ्या कारागिरासारखी दिसते, पण वारा लागत नाही.

मागल्या पत्रात तुझ्या काविळीवरून मी फार टाकून बोलले. आजारी माणसाला दुसऱ्याचं आजारपण दिसत नाही, हा आजारी माणसाचा दुसरा आजार. सोडून दे ते. कावीळ होऊन गेलेल्या बाईनं दर तीन महिन्यांनी रक्त द्यावं का, असं मी काल बाईंना विचारलं. तपासण्या करूनच घेतात, काळजी नको म्हणाल्या. तरी तू तुझ्या जिवाला जप. पथ्य मोडू नकोस.

ताई


३ मे

ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू असं लिहिशील असं मला सात जन्मांत वाटलं नसतं. मी इतकं सगळं कबूल केलं, आणि तू कावीळच झाली होती असं धरून चालायचं ठरवलंस. वर माझ्या पथ्याची काळजी. मला वाटायचं, तुझ्यात फक्त जिद्द आहे. मन आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्याची मला आज लाज वाटते.

या वेळी मी रक्त देऊन घरी येईन. तुला चालत असेल तर. अर्धा तास बसेन. आईचा विषयसुद्धा काढणार नाही.

तुझी बारकी


१० मे

मावशी,

हे पत्र आईला माहीत नाही. तुझं तीन तारखेचं पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही, आणि त्याच्या आधीच्या पत्रातलं मधलं पानही नाही. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचायला घेतलं आणि आधी नजरेनं खाली काय आहे ते वाचलं. आई समोर मान वर करून बसली होती, मी नुकतेच थेंब घातले होते. मी खोकल्याचं निमित्त केलं, पान खाली ठेवलं आणि तिसरं वाचलं. तिनं विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच.

म्हणून तिचं पत्र तसं गोड आलं. तिनं तुला माफ केलेलं नाही गं. तिला माहीतच नाही.

मला तुझा राग येत नाही असं नाही. ते सात आठवडे मी आईच्या उशाशी बसून काढलेत. तुला मी रोज फोन करायची आणि लवकर बरी हो म्हणायची, ते आठवतं का तुला? पण मी राग बाजूला ठेवलाय, कारण आईला मी ओळखते. हे कळलं तर ती त्याच दिवशी बाटल्या मोरीत ओतेल. बाई म्हणतात, आत्ता थेंब थांबले तर महिन्याभरात भरलेली जखम परत उघडेल. तुमच्या दोघींच्या मानापमानासाठी मी तिचा उरलेला डोळा देणार नाही.

तू सव्वीसला ये, रक्त दे आणि परत जा. घरी येऊ नकोस. तुझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं, आणि आईला आता चेहरे दिसायला लागलेत.

तुझी भाची


४ ऑगस्ट

बारकीस,

अक्षर ओळखलंस का? माझं आहे. वाकडं आलंय, ओळी एकीवर एक चढल्यात, पण माझंच आहे.

जून महिन्यात बाईंनी डोळ्यावर नवं भिंग बसवलं. नेहमीच्या भिंगांपेक्षा मोठं, सदऱ्याच्या बटणापेक्षाही मोठं. त्यात खारट पाणी भरायचं, मान खाली घालायची आणि डोळ्यावर चढवायचं. दिवसभर बुबुळ त्या पाण्यात बुडून राहतं. पहिले आठ दिवस निम्मं पाणी माझ्या मांडीवर सांडत होतं. आता जमतं. त्यानं टोचणं थांबलं आणि भिंगातून दिसायलाही लागलं. मी आधी औषधांच्या बाटल्यांवरची नावं वाचली, मग वर्तमानपत्रातल्या बातम्या, मग जाहिराती. मग लेकीला म्हटलं, मावशीची पत्रं दे, माझी मी वाचते.

तिनं दिली. तू पानांवर आकडे घालतेस, दुकानातली सवय. एप्रिलच्या पत्राला एक आणि तीन होतं. मी विचारलं, दोन कुठंय? ती उठून स्वतःच्या कपाटातून घेऊन आली, आणि तुझं मे महिन्याचं पत्रही. फाडणार होते पण फाडवलं नाही, म्हणाली.

वाचलं. रडू आलं नाही. येणार कुठून, ती सोय तुझ्या पेशींनी ठेवलेली नाही. त्या दिवसापासून मी थेंब बंद केले. मेमध्ये तू दिलेल्या रक्ताच्या बाटल्या ओतल्या नाहीत, नुसत्या घेतल्या नाहीत. लेकीनं हात जोडले. मी म्हटलं, तिचं काही मला डोळ्यांत नको. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, डोळा तुमचा आहे, राग कोणावर काढताय? पाचव्या दिवशी लेकीचं तोंड धुरकट दिसायला लागलं. मी बाटली उघडली. एवढाच माझा मान. चार दिवस टिकला.

तुझ्या पानाबद्दल काय म्हणू? खरं सांगते, पहिले दोन दिवस मला सुख झालं. आता हिला जन्मभर ऐकवायला माझ्याकडे काहीतरी आहे, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी तुझं ते वाक्य परत वाचलं. मला फक्त तू थांबायला हवी होतीस. ते वाचून मी पान खाली ठेवलं. कारण तसं मीही एकदा कोणालातरी थांबवलंय.

आई तीन दिवस तुझं नाव घेत होती.

तिनं तुझं नाव काढलं नाही, हे मी खोटं बोलले. सहा वर्षं मी तिचं सगळं केलं. नोकरीवरून यायचं, तिला धुवायचं, भरवायचं, कूस बदलायची. तू महिन्यातून एकदा फोन करायचीस आणि ती दिवसभर खूश असायची. जायच्या आधी तिची शुद्ध येत-जात होती. शुद्धीवर आली की दाराकडे बघायची आणि म्हणायची, "बारकी आली का?" मी तिच्या तोंडाशी पाण्याचा चमचा धरून बसलेली, आणि ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायची. मी म्हणायची, कळवलंय, निघालीय. कळवलं नव्हतं. फोन बाजूच्याच टेबलावर होता.

तू मला सात आठवडे थांबवलंस. मी तिला तीन दिवस. तुझ्या थांबवण्यात काय गेलं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. माझ्या थांबवण्यात काय गेलं ते मला पक्कं ठाऊक आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल, आणि तुला ते जमणार नाही. मलाही जमलेलं नाही.

ताई


१६ ऑगस्ट

ताईस,

पत्र सकाळी आलं. वाचून दुकानात गेले आणि बावीस सदरे उलट्या बाजूनं कापले. मालकांनी कापड उचलून पाहिलं आणि मला घरी पाठवलं. एकोणीस वर्षांत असं झालेलं नाही.

बारा वर्षं मला वाटत होतं की आईला मी नकोशी झाले होते. त्या समजुतीवर मी घर बांधून राहिले होते म्हण. लग्नाचं आलं तेव्हा नको म्हटलं, माणसं जवळ आली तेव्हा दार ओढून घेतलं. जिला जन्मदातीनं विचारलं नाही तिला दुसरं कोण विचारणार, असा माझा हिशोब होता. तो हिशोब चुकीच्या आकड्यावर होता, हे तू मला आता कळवतेस. आता मी एकोणपन्नास वर्षांची आहे.

तुझा डोळा माझ्यामुळे गेला असेल, कदाचित. आई मला न भेटता गेली ती तुझ्यामुळे, त्यात कदाचित नाही. तूच तसं लिहिलंस, म्हणून मी परत लिहीत नाही.

एकच विचारते. तिसऱ्या दिवशीही तिनं विचारलं का?

सव्वीसला येईन आणि रक्त देईन. ते प्रेमानं नाही. हातात घेतलेलं काम मी अर्धं टाकत नाही. तू पेढीत येऊ नकोस.

बारकी


३० ऑगस्ट

बारकीस,

येऊ नकोस म्हणालीस, तरी मी आले होते.

लेकीला सांगितलं नाही. तो चष्मा चढवला, काठी घेतली आणि एकटी गेले. आजारानंतर पहिल्यांदाच एकटी रस्त्यावर. पेढीतली जुनी माणसं मला ओळखतात, त्यांनी बाहेरच्या बाकावर बसू दिलं. मधे काचेचं दार होतं. तू आतल्या खुर्चीवर आडवी होतीस, तोंड भिंतीकडे आणि डोळे मिटलेले. बारा वर्षांनी तुला पाहिलं. केस बारीक कापलेस, निम्मे पांढरे झालेत. नखांत खडू अडकलेला. पोटऱ्या सुजलेल्या दिसल्या. दिवसभर उभी असतेस ना तिथं? हनुवटी आईची झालीय. आधी नव्हती.

मी बघत बसले. बघता येत होतं, म्हणून बघितलं.

सुई घालणारी मुलगी नवी होती. तुझ्या डाव्या हाताला तिनं एकदा टोचलं, रक्त आलं नाही. दुसऱ्यांदा टोचलं, नस सरकली. तू ओठ दाबून मूठ उघडमीट करत होतीस. ती तिसऱ्यांदा सुई उचलायला लागली तेव्हा मला बसवेना. दार ढकलून आत आले आणि तिला म्हटलं, "उजव्या हाताची घे बाळ. डावीकडची पळते. आमच्याकडे सगळ्यांचीच पळते."

तुझी बोटं एकदम थांबली. पण तू डोळे उघडले नाहीस. मुलगी पलीकडे गेली, तू उजवा हात पुढे केलास, आणि पहिल्या फटक्यात नस मिळाली. मी नळीत रक्त चढताना पाहिलं आणि बाहेर आले. घरी पोचायला मला दीड तास लागला, एका वळणावर चुकले.

तू विचारलंस त्याचं उत्तर. होय, तिसऱ्या दिवशीही विचारलं. दुपारपर्यंत. नंतर नाही.

ताई


९ सप्टेंबर

ताईस,

आवाज ओळखला होता.

डोळे उघडले असते तर बोलावं लागलं असतं. मला अजून तुझ्याशी बोलायचं नाही. कधी बोलावंसं वाटेल तेही सांगता येत नाही, आणि वाटेलच असं मी लिहून देत नाही.

दुपारपर्यंत, हे कळलं.

एकटी बाहेर पडत जाऊ नकोस. भाचीला घेऊन ये.

पुढची तारीख सव्वीस नोव्हेंबर. नऊ वाजता पोचेन. उजवाच हात देईन.

बारकी